दाराबाहेरची तिसरी जोडी

ही हकीकत सांगायचं मी गेली कित्येक वर्षं टाळत आलो. बोलणं त्या वाटेने जायला लागलं की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर चेन्नईच्या पाणीटंचाईवर बोलायला लागायचो. लोक विचारायचे, "वरच्या खोल्या पाहुण्यांना देणं बंद का केलंत हो? चांगलं चाललं होतं की." मी सांगायचो, "गुडघे. जिना होत नाही." बायको समोर असली तर ती त्याच वेळी उठून स्वयंपाकघरात जायची. आता गुडघे खरोखरच गेले आहेत, म्हणजे तेवढं खोटं आपोआप खरं झालं. बाकीचं आपोआप होणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. केंद्र सरकारच्या ऑडिट खात्यात लागलो आणि मद्रासला नेमणूक झाली. मद्रासचं चेन्नई झालं, मी सेवानिवृत्त झालो, तरी इथेच राहिलो. नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत आमचं घर आहे. खाली आम्ही दोघं, वर दोन खोल्या. त्या मुलासाठी बांधल्या होत्या. मुलगा परदेशी गेला आणि तिथून त्याला माझा वेळ कसा जात असेल याची काळजी वाटू लागली.

"बाबा, वरचा मजला ॲपवर टाकूया," तो फोनवर म्हणाला. "दोन-चार दिवसांसाठी लोक येतात. तुम्हालाही सोबत."

त्यानेच तिकडून फोटो टाकले, जाहिरात लिहिली. 'शांत गल्ली, मराठी कुटुंब, मोठ्या हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर.' खाली एक अट: दोन पाहुण्यांपुरतीच सोय. ती अट त्याने लिहिली होती, पण तिच्यावर जीव माझा जडला.

आयुष्यभर मी इतरांच्या कामात चुका काढल्या होत्या. आता येणारा-जाणारा मला तारे देऊ लागला. एकाने लिहिलं, 'खोली स्वच्छ. मालक सभ्य, पण फार बघतात.' मला ते प्रशस्तिपत्रच वाटलं. बघायचं नाही तर करायचं काय?

कारण लोक दोन सांगायचे आणि दोन कधीच यायचे नाहीत. शोळिंगनल्लूरच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतली आपल्याकडची दोन मुलं शनिवार-रविवारसाठी आली आणि संध्याकाळपर्यंत वर क्रिकेटचा अख्खा संघ जमला. मी जाब विचारला तर म्हणाली, "काका, ते राहायला नाही आलेत, मोबाइल चार्ज करायला आलेत." पुण्याच्या एका जोडप्याने सासूबाई आणल्या. मी अट दाखवली, तर जावई म्हणतो, "आईंना काय मोजता काका, त्या एकभुक्त आहेत." वर सासूबाईंनी मलाच सुनावलं, "माणसं मोजणारा यजमान पहिल्यांदाच बघितला हो!"

मी यावर एक पद्धत शोधून काढली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. चेन्नईत कोणीही चपला घालून घरात शिरत नाही. एसी दुरुस्त करणारा काढतो, गॅसवाला काढतो, अचानक आलेला पोलीससुद्धा निदान उंबऱ्याशी घुटमळतो. चोरून आणलेला पाहुणा कपाटात लपेल, गच्चीवर जाईल, न्हाणीघरात नळ सोडून बसेल, पण त्याच्या चपला दाराबाहेर बसून साक्ष देत असतात. मी सकाळी झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने वर जायचो आणि जोड्या बघून यायचो. झाडं खाली होती, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. एका शहाण्याने आपल्या चपला इडलीच्या पिठाच्या रिकाम्या पिशवीत घालून ग्रिलला टांगल्या होत्या. मी त्याही ओळखल्या. कोणी इडलीचं पीठ उन्हात टांगत नाही.

बायको म्हणायची, "तुम्ही आपले कपालीश्वराच्या देवळाबाहेर चपला सांभाळायला बसा. तिथे निदान टोकन तरी देतात."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणायचो.

"हो का? आणि ट्रिप्लिकेनला काय होतं?"

हे ती मुद्दाम काढायची. ट्रिप्लिकेनला बिनलग्नाच्या नोकरदारांच्या खोल्यांच्या मोठाल्या इमारती असतात. त्यांना तिथे मॅन्शन म्हणतात. मद्रासला आलो तेव्हा मला खोली मिळेना, म्हणून ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याने मला आपल्या खोलीत घेतलं. खोली एकाची, खाट एक, मी जमिनीवर. मॅनेजर त्याला विचारायचा, "तुझा भाऊ गेला का?" तो म्हणायचा, "उद्या जाईल." त्या मित्राचा भाऊ तमिळचा एक शब्दही बोलत नाही, हे मॅनेजरला दिसत होतंच. पण तो जिना चढून कधी वर आला नाही. मी त्याला तेव्हा ढिला प्रशासक समजायचो.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ते जोडपं आलं.

साधारण पन्नाशीचं. तंजावरचं. म्हणजे मराठीच, पण पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेलं. बोलणं जुन्या पोथीतलं आणि चाल तमिळची, प्रत्येक वाक्य शेवटी वर चढणारं. खोली त्यांच्या हैदराबादच्या भाच्याने आपल्या मोबाइलवरून घेऊन दिली होती. ॲप वगैरे त्यांना काही ठाऊक नव्हतं. येण्याचं कारण म्हणून भाच्याने 'कौटुंबिक भेट' असं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि माझ्यापुरता तो विषय संपला. समोर आलेल्या कागदावर जे लिहिलंय त्यापलीकडे बघायची आम्हा ऑडिटवाल्यांना सवय नसते.

"या, बसा. मराठी ऐकून बरं वाटलं," मी म्हणालो. "फक्त 'आम्हीं आलों' नाही, 'आम्ही आलो' म्हणायचं."

"तुमची मराठी नवी, सार," तो गृहस्थ हसून म्हणाला. 'सर'चं तमिळ वळणाने 'सार'. "आमची जुनीच राहिली. बदलायला कोण्ही आलेंच नाहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. दाराबाहेर तीन जोड्या. एक त्याच्या जाड रबरी, एक तिच्या तपकिरी, आणि तिसरी तरुण मुलीची. हिरव्या पट्ट्यांची. एका पट्ट्याचं बक्कल तुटलेलं, तिथे सेफ्टी पिन लावलेली. तिन्ही नीट भिंतीला टेकवून, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी केल्यासारख्या.

मुलगी मात्र कधी दिसेना. मी जास्त लक्ष ठेवलं. तो गृहस्थ बाहेर जायचा तेव्हा बाई घरी असायची. तो परत आला की ती निघायची. दोघं मिळून कधी बाहेर पडत नव्हती. यावरून मी काय निष्कर्ष काढला असेल? आत लपवलेल्या मुलीवर पाळीपाळीने पहारा चालला आहे. मनातल्या मनात मी गोष्टही रचली. मुलगी घरातून पळून आली असणार, नाहीतर तिला पळवून आणलं असणार. निवृत्तीनंतर इतका ताजातवाना मी कधी झालो नव्हतो.

सरळ विचारता आलं असतं. जिना चढायचा आणि म्हणायचं, तिसरं कोण आहे हो? पण आमच्या खात्यात तोंडी विचारत नाहीत. तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर येतं आणि ते फायलीला लावता येत नाही. आधी पुरावा, मग लेखी आक्षेप. मी पुराव्याची सोय केली. बायको सकाळी देवळात गेलेली असताना मी फिल्टर कॉफी केली, दोनाऐवजी तीन टंबलर भरले आणि वर गेलो.

दार बाईंनी उघडलं. तीन टंबलर बघून त्या थबकल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"तीन आणलींत?" त्या म्हणाल्या. "बरें केलेंत हो सार. एवढं कोण्ही मनांत आणीत नाहीं."

मी समजलो, चोरी पकडली गेली म्हणून रडू आलं. तिन्ही टंबलर धुऊन परत आले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीन नेले, तिसऱ्या दिवशीही. पुरावा भक्कम हवा. रोज तिन्ही रिकामे परत. रोज त्या हात जोडायच्या. मला वाटायचं, गयावया करतायत.

मग मी ॲपवरून लेखी विचारणा केली, इंग्रजीत, मुद्द्यांना क्रमांक घालून. ती गेली हैदराबादला भाच्याकडे. त्या बिचाऱ्याने उत्तर दिलं, 'फक्त दोघं आहेत.' झालं. आता चुकीची माहितीही दिली गेली होती. मी सगळं प्रकरण ॲपच्या तक्रार खिडकीत सादर केलं. जोड्यांचा फोटो, टंबलरांचा फोटो, खाली माझा अभिप्राय. सरकारात असतो तर या आक्षेपाला उत्तर यायला वर्ष गेलं असतं. ॲपने दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. खोली दुपारपर्यंत रिकामी करावी, भाच्याचं खातं बंद. माझ्या सगळ्या नोकरीत माझं इतकं जलद कोणी ऐकलं नव्हतं. त्या आनंदात मी आलेलं पुढचं आरक्षण तिथल्या तिथे मंजूर करून टाकलं.

दुपारी दोघं बॅगा घेऊन खाली आली. ऑटो दारात उभी होती. ते गृहस्थ माझ्याकडेच आले.

"भाच्याचा फोन आला सार. मोबाइलांत काहीं गडबड झाली म्हणे. खोली सोडा म्हणतात. तुम्हांला उगीच त्रास."

त्यांना माहीतच नव्हतं. मी एक वाक्य बोललो. त्याच्या आधी आणि नंतर मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण हे एक मला झोपताना आठवतं.

"काय करणार," मी म्हणालो. "वरून आदेश आला. माझ्या हातात काही नाही."

"नाहीं, तुमचा काय दोष!" ते म्हणाले.

तेवढ्यात आमची बायको बाहेर आली. बाईंच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्यातून हिरवा पट्टा बाहेर डोकावत होता.

"अगबाई, या कुणाच्या?" बायकोने विचारलं.

इतकंच. मी ज्यासाठी तीन दिवस कॉफी वाहिली, ते तिने येता येता विचारून टाकलं.

"मुलीचीं," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलांत तिला भरती केलें तेव्हां काढून आमच्या हातीं दिलीं. मी रोज दारांत ठेवीत होतें. बाहेर दिसलीं कीं ती घरांतच आहे असें वाटतें. आणि बरी होऊन आली तर पायांत घालायला नकोत कां?" मग माझ्याकडे वळून बायकोला म्हणाल्या, "सारांनीं रोज तिच्यासाठीं कॉफी दिली हो. सांगितलें नव्हतें तरी कसें कळलें कोण जाणे. मी फ्लास्कांत घालून नेत होतें. दोन घोट घेत होती. दुसरें काहीं जात नाहीं तिच्या पोटांत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला कॉफीचं काही माहीत नव्हतं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे दिसलं, ते लग्नानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांनंतर मी पाहिलं नव्हतं. आणि मी ते तसंच राहू दिलं.

"आता कुठे जाणार?" तिने विचारलं.

गृहस्थांनी जॉर्ज टाउनमधल्या एका लॉजचं नाव सांगितलं. मिरची-मसाल्याच्या घाऊक बाजारात, त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने सांगितलेला. तिथून हॉस्पिटल म्हणजे अर्धं शहर ओलांडायचं. इथून पाळीपाळीने चालत जाता येत होतं. तिथून एकजण पोचेपर्यंत मुलगी एकटी, नाहीतर दुसऱ्याने तिच्यापाशी अडकून बसायचं.

"अहो, खालची आपली खोली रिकामीच आहे," बायको म्हणाली.

आणि मी म्हणालो, "तिथे माझे कागद आहेत."

खरंच होते. निवृत्त होताना घरी आणलेली जुनी परिपत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं, वाळवीने अर्धवट वाचलेली. त्या कागदांना आमच्या घरात पंखा होता.

"नको, नको, अम्मा," गृहस्थ घाईघाईने म्हणाले. "तुम्हीं विचारलेंत, तेंच पुष्कळ."

काहीतरी करायला हवं म्हणून मी ऑटोवाल्याला म्हणालो, "मीटर टाका." चेन्नईतला ऑटोवाला या वाक्याला जसा हसतो तसा तो हसला आणि ऑटो गेली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "पण तक्रार केली कोणी?" मी चष्मा पुसायला घेतला. तिने माझ्या हातातून चष्मा काढून घेतला. मग मला सांगावं लागलं, टंबलरांसकट. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी उगीच खूश झाले होते." त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलणं झालं. नवे पाहुणे येऊन गेले. दोनच सांगितले होते, दोनच आले. अत्यंत नियमबद्ध माणसं. जाताना माझा टॉवेल घेऊन गेली.

एके सकाळी बायकोने फ्लास्क भरून माझ्यापुढे ठेवला. "जा."

"तूही चल."

"मी गेले तर ते माझं जाणं होईल. तुम्ही जा."

जॉर्ज टाउनच्या त्या गल्लीत हमालांच्या डोक्यांवरून मिरचीची पोती चालली होती. लॉजपर्यंत पोचेतो माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. क्षमा मागायला जाणाऱ्याला ही सोय बरी, असंही मनात येऊन गेलं. इतका मी शेवटपर्यंत हिशोबी. अरुंद जिना चढून वर आलो. बोळात ओळीने दारं. खोलीचा नंबर विचारायची गरज पडली नाही. एका दाराशी तीन जोड्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. हिरव्या पट्ट्याला सेफ्टी पिन तशीच.

मी माझ्या चपला काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या. हात वर केला. आतून टीव्हीवरच्या तमिळ बातम्या ऐकू येत होत्या, बाकी काही नाही. मुलगी आत असेल का? बरी होऊन आली म्हणून तिच्या चपला दाराशी, की अजून आली नाही म्हणून? इतकी वर्षं मी जोड्या मोजून माणसं सांगत होतो, आणि इथे तीन जोड्या समोर असून मला काहीच सांगता येईना. विचारावं लागणार होतं. आणि आधी सांगावं लागणार होतं. त्या बाईंना वाटत होतं, या परक्या शहरात एका म्हाताऱ्याने न सांगता त्यांचं दुःख ओळखलं. मी आत जाऊन त्यांना सांगायचं की ती कॉफी म्हणजे सापळा होता. एक खोली मी काढून घेतलीच होती. आता हेही काढून घ्यायचं? फ्लास्क हातात होताच. तो नुसता देऊन आलो असतो तर पुन्हा तीच कॉफी झाली असती.

मी असा उभा असताना जिन्याखालून लॉजचा मॅनेजर तमिळमध्ये ओरडला, "सार! कोण तुम्ही? त्या खोलीत दोघांचंच बुकिंग आहे. जादा माणूस चालणार नाही!"

त्याला वर यायचीही गरज पडली नव्हती. खालूनच त्याने ओळखलं.

"मी त्यांचा कोणी नाही," मी म्हणालो. चपला पायात सरकवल्या आणि उतरलो. फ्लास्क बाजारातल्या एका हमालाला देऊ केला, तर तो म्हणाला, "थंड झालीय सार."

घरी सांगितलं, भेटले नाहीत. बायकोने विश्वास ठेवला नाही, पण पुढे काही विचारलंही नाही. काही दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी खरोखर ठरवून. दाराशी एकही जोडी नव्हती. मॅनेजर म्हणाला, गेले. मुलगी बरोबर होती का, विचारलं. तो म्हणाला, "मी काय माणसं मोजत बसतो का सार?"

शेवटी भाच्याला ॲपवरून निरोप लिहिला. या वेळी मराठीत, क्रमांक न घालता. तो गेला नाही. ज्याचं खातं बंद झालंय त्याला निरोप जात नाही, असं ॲपने नम्रपणे कळवलं. खातं बंद का झालं त्याचं कारणही खाली दिलं होतं, माझ्याच शब्दांत. त्याच आठवड्यात वरच्या खोल्यांची जाहिरात मी काढून टाकली.

मग कागद विकले. रद्दीवाल्याने वाळवी लागलेले वेगळे काढले आणि बाकीचे नेले. खालच्या खोलीत आता एक पलंग आहे, पंखा आहे, आणि दाराशी चपला ठेवायला भरपूर जागा. कोणी नातलग आले की त्यांना ती खोली देतो. किती जण, विचारत नाही.

जे त्या दारावर टकटक करून बोलायचं होतं ते मी कितीदा तरी जुळवलं आणि मोडलं. सुरुवात नेहमी 'परिस्थिती अशी होती की' अशी व्हायची. आता तेवढं खोडून उरलं आहे ते इतकंच.

ताई, वरून आदेश आला नव्हता. तक्रार मी केली होती. तिसऱ्या टंबलरातली कॉफी तुमच्या मुलीसाठी नव्हती, ती मी तुम्हाला पकडायला आणत होतो. तुम्ही हात जोडलेत, आणि ते मी जोडू दिले. खालची खोली रिकामी होती. मला क्षमा करा. आणि, मुलगी कशी आहे?